‘मॅगझिन ऑफ आर्ट’वरचे जुने अभिप्राय कितपत खरे मानावेत?

प्रश्न असा आला आहे: लंडनच्या कॅसेल या प्रकाशनसंस्थेने १८८० च्या दशकात काढलेल्या एका पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर ‘मॅगझिन ऑफ आर्ट’ या सचित्र मासिकाची जाहिरात आहे आणि तिच्यात निरनिराळ्या वृत्तपत्रांची स्तुतिपर वाक्ये एकाखाली एक छापली आहेत. ही स्तुती खरी मानावी की प्रकाशकाने जमवून आणलेली मानावी, आणि त्या मासिकाची योग्यता ठरवताना तिचा काही उपयोग होतो का?

पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देता येते. ती वाक्ये बहुधा त्या त्या वृत्तपत्रांत खरोखरच छापून आलेली असतात. प्रकाशकाचा हात असतो तो निवडीत, काटछाटीत आणि क्रमात. दुसऱ्या भागाला मात्र सविस्तर उत्तर द्यावे लागेल. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी नियतकालिकांच्या खंडांची सूची करणे आणि त्यांची डागडुजी करणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, आणि त्या कामातून माझे असे ठाम मत झाले आहे की हे अभिप्राय समोर चित्रे ठेवून वाचले तर फार मोलाचा पुरावा ठरतात. स्तुती खरी की खोटी एवढेच विचारले तर हाती फारसे लागत नाही. स्तुती नेमकी कशाची केली आहे आणि कशाची केलेली नाही हे पाहिले, तर त्या काळचा वाचक पैसे कशासाठी मोजत होता हे दिसू लागते.

हे मासिक कॅसेल संस्थेने १८७८ मध्ये, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या वर्षी सुरू केले आणि ते १९०४ पर्यंत चालले. संस्थेचा संस्थापक जॉन कॅसेल हा मद्यपानविरोधी चळवळीतला प्रचारक आणि चहा-कॉफीचा व्यापारी होता. कष्टकरी वर्गाला स्वस्तात चांगले वाचायला मिळावे या हेतूने तो प्रकाशनाकडे वळला होता. त्याने १८५३-५४ मध्येच एक सचित्र कलामासिक काढून पाहिले होते, पण ते फार टिकले नाही. १८६५ मध्ये त्याचे निधन झाले, तरी स्वस्त आणि सचित्र हा संस्थेचा बाणा त्याच्यामागे कायम राहिला आणि ‘मॅगझिन ऑफ आर्ट’ही त्याच बाण्याने निघाले. आरंभी अंकाची किंमत ७ पेनी होती, पुढे १८८० च्या सुमारास ती १ शिलिंग, म्हणजे १२ पेनी, झाली. १८८१ पासून १८८६ पर्यंत कवी आणि समीक्षक डब्ल्यू. ई. हेन्ली संपादक होता, आणि १८८७ पासून अखेरपर्यंत मॅरियन स्पीलमन यांनी ते काम पाहिले.

आता अभिप्रायांविषयीच्या संशयाकडे वळू. हा संशय नवा नाही. १८२० आणि १८३० च्या दशकांत हेन्री कोलबर्नसारखे लंडनचे प्रकाशक आपल्या पुस्तकांची स्तुती वृत्तपत्रांत पैसे देऊन किंवा ओळखीने छापून आणत, आणि तो प्रकार इतका बोकाळला होता की १८३० मध्ये मेकॉलेने ‘एडिंबरा रिव्ह्यू’मध्ये एका कवीच्या संग्रहावर लिहिताना या विकतच्या स्तुतीवरच घणाघाती हल्ला चढवला. ज्या मेकॉलेला आपण १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणामुळे ओळखतो, तोच हा. त्याच सुमारास ‘अथेनियम’ या साप्ताहिकाने प्रकाशकांच्या दबावाला न जुमानता परीक्षणे छापण्याचे धोरण स्वीकारले आणि त्यावर आपला लौकिक उभा केला. त्यामुळे १८७० नंतरच्या काळात प्रतिष्ठित प्रकाशकाला उघडउघड विकतची स्तुती वापरणे शोभण्यासारखे राहिले नव्हते. खऱ्या परीक्षणांतून वेचलेले तुकडे छापणे हा मार्ग सभ्य होता आणि परिणामकारकही होता.

असे तुकडे मिळणे त्या काळात अवघड नव्हते. इंग्लंडमध्ये जाहिरातींवरचा कर १८५३ मध्ये, वृत्तपत्रांवरचा मुद्रांक १८५५ मध्ये आणि कागदावरचा कर १८६१ मध्ये उठला. त्यानंतर गावोगावी दैनिके आणि साप्ताहिके निघाली आणि त्या सर्वांना रकाने भरायला मजकूर हवा होता. महिन्याच्या आरंभी नवी मासिके संपादकांच्या टेबलावर येत आणि ‘या महिन्याची मासिके’ अशा स्वरूपाच्या सदरात प्रत्येकावर दोन-चार ओळी लिहिल्या जात. या ओळी अनेकदा घाईत लिहिलेल्या आणि साच्यातल्या असत, पण त्यांना विकतच्या म्हणणे अन्यायाचे होईल. लिहिणाऱ्याने अंक चाळलेला असे, चित्रे पाहिलेली असत आणि काहीतरी चांगले म्हणण्याचा शिष्टाचार पाळलेला असे. म्हणून ‘सुंदर’, ‘मोहक’, ‘उत्तम’ अशी मोघम विशेषणे जिथे येतात ती मी फार विचारात घेत नाही. जिथे एखादे विशिष्ट चित्र, एखादा खोदकाम करणारा कारागीर किंवा प्रतिस्पर्धी मासिकाशी केलेली तुलना येते, तिथे मात्र थांबून वाचावे.

असे थांबून वाचू लागलात की एक गोष्ट चटकन लक्षात येईल. माझ्या पाहण्यात आलेल्या अभिप्रायांचा मोठा भाग चित्रांच्या छपाईविषयी आणि किमतीविषयी आहे. आजच्या वाचकाला हे काहीसे उथळ वाटते, कारण कलामासिकाची योग्यता आपण त्यातल्या लेखांवरून ठरवतो. पण त्या काळी एखादे चित्र लंडनच्या भिंतीवरून मँचेस्टरच्या दिवाणखान्यात नेणे किती कठीण काम होते हे ध्यानात घेतले, तर या स्तुतीचा रोख समजतो.

१८८० च्या आसपास मासिकातल्या चित्रांचा मुख्य आधार लाकडी ठसा होता. बॉक्सवुड हे अत्यंत टणक आणि दाट कणांचे लाकूड. ते लाकडातल्या तंतूंच्या दिशेने न फाडता आडवे कापायचे आणि त्या छेदावर बारीक पोलादी हत्याराने खोदायचे. जिथे पांढरे हवे तिथले लाकूड निघते आणि जे उंच राहते त्यावर शाई बसते. या झाडाचे खोड जाड नसते, म्हणून मोठ्या चित्रासाठी अनेक तुकडे बोल्टने एकत्र आवळून ठसा तयार करत. या ठशाचा सगळ्यात मोठा गुण असा की त्याची उंची छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांइतकी असल्यामुळे तो मजकुराबरोबर एकाच फर्म्यात, एकाच दाबात छापता येई. म्हणूनच चित्र मजकुराच्या मधोमध येऊ शकले आणि मासिक स्वस्त राहू शकले. पोलादी पत्र्यावरचे खोदकाम याच्या नेमके उलट असते. तिथे शाई खोदलेल्या खाचांत बसते, त्यामुळे ते चित्र वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या जाड कागदावर छापून नंतर अंकात चिकटवावे लागे. काम देखणे, पण खर्चिक आणि संथ.

तैलचित्रात काळ्या रेषा नसतात. तिथे छटा असतात, आणि त्या छटा लाकडावर रेषांच्या जाडी-बारकाईने आणि अंतराने उभ्या करायच्या असतात. १८६० नंतर चित्राचे छायाचित्र थेट ठशावर उतरवता येऊ लागले, तेव्हा खोदणाऱ्यापुढे मध्यस्थाने काढलेले रेखाटन राहिले नाही, मूळ चित्राच्या छटाच येऊन ठाकल्या. कारागिराचे कसब इथे पणाला लागे. १८८० च्या दशकातील ‘मॅगझिन ऑफ आर्ट’चे खंड मी अनेकदा हाताळले आहेत. त्यांतले चांगले ठसे भिंगाखाली पाहिले, की मखमलीचा पोत, ढगाची कड आणि गालावरची सावली केवळ रेषांच्या वळणाने वेगवेगळी दाखवलेली दिसते. एखाद्या प्रांतिक वृत्तपत्राच्या लेखकाने या खोदकामाची तोंड भरून स्तुती केली असेल, तर तिच्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही. त्याने ती पाने पाहिली होती आणि त्याला जे दिसले ते खरे होते.

किमतीविषयीची स्तुतीही तशीच प्रामाणिक मानावी. या क्षेत्रातले सर्वांत जुने आणि वजनदार नियतकालिक म्हणजे ‘आर्ट जर्नल’. ते १८३९ मध्ये ‘आर्ट युनियन’ या नावाने निघाले, सॅम्युएल कार्टर हॉल यांनी ते चार दशके सांभाळले आणि १८४९ मध्ये त्याचे नाव बदलले. पोलादी पत्र्यांवरची चित्रे ही त्याची ओळख होती. राष्ट्राला भेट मिळालेल्या व्हर्नन संग्रहातील चित्रे आणि पुढे राजघराण्याच्या संग्रहातील चित्रे त्याने वर्षानुवर्षे वाचकांपर्यंत नेली. दुसरे ‘पोर्टफोलिओ’. ते फिलिप गिल्बर्ट हॅमर्टन यांनी १८७० मध्ये सुरू केले आणि एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून चित्र छापणे, या कलेला समर्पित केल्यासारखे चालवले. ‘पोर्टफोलिओ’साठी महिन्याला अडीच शिलिंग मोजावे लागत. याच्या शेजारी १ शिलिंगाचे ‘मॅगझिन ऑफ आर्ट’ ठेवले, तर कारकुनाच्या किंवा शाळामास्तराच्या घरी यांपैकी कोणते जाऊ शकत होते हे वेगळे सांगायला नको. जाहिरातीतला अभिप्राय जेव्हा ‘एवढ्या किमतीत एवढी चित्रे’ म्हणतो, तेव्हा तो त्या वाचकाच्या मनातले बोलत असतो.

वाचकही चित्रांनाच मोल देत होते याचा पुरावा खंडांमध्येच सापडतो, आणि तो मला कोणत्याही छापील स्तुतीपेक्षा अधिक बोलका वाटतो. ‘आर्ट जर्नल’चे जुने खंड तपासताना पोलादी चित्रांची पाने वारंवार गायब आढळतात. शिवणीजवळ कात्रीची किंवा चाकूची सरळ रेघ राहिलेली असते. कोणीतरी ते पान कापून चौकटीत लावलेले असते, किंवा पुढे जुन्या चित्रांच्या व्यापाऱ्याने खंड फोडून पाने सुटी विकलेली असतात. लेखांची पाने मात्र जशीच्या तशी असतात, आणि कित्येकदा त्यांच्या कडा वाचकाने कापून उघडलेल्याही नसतात. अशा खंडाची सूची करताना कोणते पान नाही याची नोंद मी काळजीने करतो, कारण त्या गैरहजेरीतून वाचकाची पसंती कळते.

आता स्तुती करणाऱ्यांविषयी. इथे थोडी सावधगिरी हवी, कारण लंडनचे कलासमीक्षेचे वर्तुळ लहान होते आणि वृत्तपत्रांतील बहुतेक लेखन निनावी असे. एफ. जी. स्टीफन्स यांचे उदाहरण घ्या. ते प्रि-राफेलाइट या इंग्रज चित्रकारांच्या बंडखोर मंडळाच्या मूळ सात सदस्यांपैकी एक, पुढे सुमारे ४० वर्षे ‘अथेनियम’चे कलासमीक्षक, आणि त्याच वेळी ‘पोर्टफोलिओ’चेही लेखक. १८९४ मध्ये ‘पोर्टफोलिओ’ने स्वतंत्र पुस्तिकांची मालिका सुरू केली तेव्हा त्याच मंडळातला चित्रकार-कवी रोझेटी याच्यावरची पुस्तिका त्यांचीच होती. मॅरियन स्पीलमन ‘मॅगझिन ऑफ आर्ट’चे संपादक झाले तेव्हा ते ‘पॉल मॉल गॅझेट’चे कलासमीक्षकही होते. ‘आर्ट जर्नल’चे हॉल यांच्यानंतरचे संपादक मार्कस ह्यूश हे ‘फाइन आर्ट सोसायटी’ या चित्रविक्री करणाऱ्या संस्थेचे संचालक होते, आणि त्यांच्यानंतर आलेले डेव्हिड क्रोल थॉमसन गुपिल या चित्रव्यापारी पेढीच्या लंडन शाखेशी निगडित होते. ‘आर्ट युनियन’चा जन्मच मुळी हॉजसन आणि ग्रेव्हज या चित्रांच्या छापील प्रती विकणाऱ्या पेढीतून झाला होता.

याचा अर्थ ही सर्व मंडळी अप्रामाणिक होती असा काढू नये. हॉल यांनी जुन्या महान चित्रकारांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बनावट चित्रांविरुद्ध मोहीम चालवली आणि त्यामुळे व्यापाऱ्यांचा रोष ओढवून घेतला, हेही तितकेच खरे आहे. सांगायचे एवढेच की लंडनच्या एका पत्राने लंडनच्या दुसऱ्या मासिकाची केलेली स्तुती वाचताना, लिहिणारा आणि ज्याच्याविषयी लिहिले तो, हे दोघे संध्याकाळी एकाच क्लबात बसत असण्याची शक्यता मनात ठेवावी. या दृष्टीने पाहता, जाहिरातीत ‘टाइम्स’च्या किंवा ‘अथेनियम’च्या खाली लहान अक्षरांत येणारी लीड्सची, ग्लासगोची किंवा ब्रिस्टलची वृत्तपत्रे मला कित्येकदा अधिक भरवशाची वाटतात. त्यांच्या लेखकांचे लंडनच्या चित्रव्यापाराशी लागेबांधे कमी होते आणि ते ज्या वाचकासाठी लिहीत, तोच या मासिकाचा खरा गिऱ्हाईक होता.

आता जे या अभिप्रायांत क्वचितच येते त्याविषयी सांगतो. माझ्या मते हीच सर्वांत दुःखाची गोष्ट आहे. हेन्लीच्या पाच वर्षांत या मासिकाने इंग्रजी वाचकांना रोदँ या शिल्पकाराची ओळख करून दिली, आणि तीही इंग्लंडमधली प्रस्थापित मंडळी त्याच्याकडे संशयाने पाहत असताना. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने याच मासिकात लहानपणीच्या कागदी खेळनाटकांच्या छापील चित्रांवर आणि जुन्या पुस्तकांतल्या अनामिक चित्रकारांवर निबंध लिहिले. त्याचा चुलतभाऊ बॉब स्टीव्हन्सन याची समीक्षाही इथे येत असे. इंग्रजी कलासमीक्षेच्या इतिहासात ही पाने आज आवर्जून शोधली जातात. जाहिरातीसाठी वेचलेल्या वाक्यांत मात्र लेखनाचा उल्लेख आला तर ‘वाचनीय मजकूर’ यापलीकडे फारसा जात नाही. परीक्षण लिहिणाऱ्याला ते लेखन जाणवले नव्हते, की प्रकाशकाने ती वाक्ये गाळली, हे प्रत्येक वेळी मूळ परीक्षण काढून पाहिल्याशिवाय कळत नाही. माझा अनुभव असा की दोन्ही घडते, पण गाळण्याचे प्रमाण अधिक असते. कॅसेलला ठाऊक होते की नाताळची भेट म्हणून सोनेरी छापाच्या कापडी बांधणीतला वार्षिक खंड विकत घेणारा गृहस्थ रोदँसाठी घेणार नाही. १८८० च्या दशकात या मासिकाचे वर्ष नोव्हेंबरला सुरू होऊन ऑक्टोबरला संपे, म्हणजे बांधलेला खंड नाताळच्या खरेदीच्या वेळी बरोबर तयार असे. अनेक अभिप्राय डिसेंबरमधल्या भेटपुस्तकांच्या सदरांतून घेतलेले असतात, म्हणून त्यांचा सूर कौटुंबिक असतो. सगळ्या घराने एकत्र पाहावे असे पुस्तक, ही त्या सुरातली सर्वोच्च पावती होती.

स्तुतीचे हे विषय फार काळ टिकले नाहीत. १८८२ मध्ये मायझेनबाख या जर्मन संशोधकाने जाळीच्या काचेतून छटांचे ठिपके करण्याची पद्धत पेटंट केली आणि दशक संपेपर्यंत असे ठिपक्यांचे ठसे, म्हणजे हाफटोन ब्लॉक, इंग्रजी मासिकांत सर्रास दिसू लागले. खोदणाऱ्याचे काही दिवसांचे काम यंत्र काही तासांत करू लागले. लाकडी खोदकामाची सर्वांत नावाजलेली पेढी, डॅल्झिएल बंधूंची, १८९३ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये चार्ल्स होम यांनी ‘स्टुडिओ’ काढला. त्याची किंमत ६ पेनी होती, त्यातली चित्रे छायाचित्रणाच्या पद्धतीने छापलेली होती आणि पहिल्याच अंकात जोसेफ पेनेल यांनी ऑब्री बिअर्डस्ली या विशीतल्या अपरिचित चित्रकारावर लेख लिहिला होता. ‘स्टुडिओ’ची स्तुती वाचली की तिचा विषयच बदललेला दिसतो. खोदकाम करणाऱ्याचे नाव तिथून नाहीसे होते आणि चित्रकाराची रेषा, कारागिरीतील नवे आराखडे, युरोपातील नव्या चळवळी हे विषय पुढे येतात. ‘मॅगझिन ऑफ आर्ट’नेही हाफटोन स्वीकारला, पण त्यामुळे ज्या गुणासाठी त्याची वाखाणणी होत असे तोच हातचा गेला. हाफटोनसाठी चिनी मातीचा लेप दिलेला गुळगुळीत कागद लागतो. आपल्याकडच्या पावसाळी हवेत अशा कागदाची पाने एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना चित्राचा थर निघून येतो. १८८० च्या दशकातले खंड आजही बिनधास्त उघडता येतात, १८९० नंतरचे उघडताना माझा जीव वर-खाली होतो.

मराठी वाचकाला या विषयाशी जोडणारा एक खरा दुवा आहे. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८६५ पासून १८७५ पर्यंत शिकवून लाहोरला गेलेले जॉन लॉकवुड किपलिंग यांनी १८८४ पासून ‘जर्नल ऑफ इंडियन आर्ट’ हे सरकारी पाठबळावरचे सचित्र नियतकालिक संपादित केले. त्याची रंगीत पाने लंडनच्या विल्यम ग्रिग्ज यांनी शिळाप्रेसवर छापली. याच ग्रिग्जनी पुढे जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्स यांचे अजिंठ्यावरचे दोन भव्य खंड १८९६-९७ मध्ये छापले. या छपाईचे कौतुक करणे योग्यच आहे, कारण तांब्यापितळेची झळाळी आणि कापडाचा पोत कागदावर आणण्यात ग्रिग्जचा हातखंडा होता. पण तिथेही स्तुतीचा रोख तपासायला हवा. नियतकालिकाचा हेतू भारतीय कारागिरीचे नमुने जतन करून त्यांना बाजार मिळवून देणे हा होता, त्यामुळे आराखडा आणि छपाई यांची वाखाणणी होत असे, तर वस्तू घडवणाऱ्या हाताचे नाव चित्राखाली सहसा नसे.

शेवटी तुमच्या हातातल्या पानाविषयी. प्रथम त्याचा काळ ठरवा. जाहिरातीखाली ‘कॅसेल अँड कंपनी, लिमिटेड’ असे नाव असेल तर पान १८८३ किंवा त्यानंतरचे आहे, आणि ‘पेटर’ व ‘गाल्पिन’ ही भागीदारांची नावे असतील तर त्याआधीचे. किंमत ७ पेनी दिली असेल तर ते अगदी आरंभीच्या वर्षांतले समजावे. मग प्रत्येक अभिप्रायाखालच्या वृत्तपत्राचा त्या काळातला डिसेंबर आणि महिन्याचे पहिले आठवडे शोधा. ब्रिटनमधील अनेक जुनी प्रांतिक वृत्तपत्रे आता संगणकावर शब्दानिशी शोधता येतात, त्यामुळे मूळ परीक्षण सापडण्याची शक्यता चांगली आहे. सापडल्यावर तुमच्या पानावरच्या वाक्याच्या आधी आणि नंतर काय होते ते पाहा, विशेषतः ‘पण’ किंवा ‘तथापि’ने सुरू होणारे पुढचे वाक्य. आणि ते पुस्तक दुरुस्तीला देणार असाल तर बांधणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की जाहिरातींची पाने काढायची नाहीत. मासिकांचे वार्षिक खंड बांधताना त्या काळच्या बांधणाऱ्यांनी अंकांची वेष्टने आणि जाहिराती सर्रास फेकून दिल्या, म्हणून ग्रंथालयांतल्या ‘मॅगझिन ऑफ आर्ट’च्या खंडांत हे अभिप्राय क्वचितच मिळतात. ते टिकले आहेत ते मुख्यतः तुमच्याकडे आहे तशा, त्याच प्रकाशकाच्या इतर पुस्तकांच्या शेवटी.